रिफंडच्या १५ टक्क्यांवर भरलेला माझा आयटीआर

जुलै उजाडला की आमच्या वॉर्डात एकच चर्चा. तुझा आयटीआर, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न, कोण भरतं आणि किती घेतं? कुणी ५०० सांगतं, कुणी हजार, कुणाचा भाचा सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप करतोय म्हणून त्याचं फुकटात होतं. २०२४ च्या जुलैत या चर्चेत एक नवाच दर आला. भांडुपला एक जण आहे, तो आधी एक पैसा घेत नाही. रिफंड, म्हणजे जादा कापलेला कर, परत खात्यात आला की त्यातले १५ टक्के द्यायचे. रिफंड नाही आला तर काहीच नाही. आमच्यातल्या निम्म्या जणींना हा दर सगळ्यात स्वस्त वाटला आणि मलाही वाटला, कारण वॉर्डातल्या एका मावशींना आदल्या वर्षी त्याच्याकडून खरोखर रिफंड मिळालेला होता.

मी परळच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे, राहते भांडुपला. आधी आमच्या अकाउंट्समधले एक काका सगळ्यांची रिटर्न्स भरायचे, ते रिटायर होऊन गावी गेले. म्हणून हा गाळा गाठला. स्टेशनच्या रस्त्यावर, बाहेर बोर्ड: पॅन कार्ड, गुमास्ता, जीएसटी, आयटीआर, आणि खाली झेरॉक्सचा भाव. बोर्डावर 'सीए' ही अक्षरं नव्हती, पण काउंटरवरचा पोरगा येणाऱ्या प्रत्येकाला "सर सीए आहेत, आत बिझी आहेत" असं सांगत होता. त्याने फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या कराचा ऑफिसने दिलेला दाखला), पॅन, आधार आणि कॅन्सल चेक घेतला. जुना पासवर्ड माझ्याकडे नव्हता. "काही प्रॉब्लेम नाही ताई, आधारवर ओटीपी येईल तो सांगा." तो सांगितला. रिटर्न भरल्यावर व्हेरिफाय करायला आणखी एक ओटीपी आला, तोही सांगितला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर एका पानाची पावती आली.

हे पान नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ त्याच्या आड चालतो. ती रिटर्नची नुसती पोचपावती. तिच्यावर एकूण उत्पन्न, कर आणि रिफंड दिसतो. कुठल्या कलमाखाली किती वजावट घेतली, म्हणजे उत्पन्नातून काय काय वजा केलं, ते दिसत नाही. ते पूर्ण फॉर्ममध्ये असतं, आणि पूर्ण फॉर्म किंवा कॉम्प्युटेशन (कराचा सविस्तर हिशेब) त्याने कुणालाच दिलेलं नव्हतं. मागितलं तर म्हणे, "बँकेला, व्हिसाला हीच पावती चालते."

महिन्याभरात खात्यात ६४,४८० रुपये जमा. म्हणजे ऑफिसने वर्षभरात पगारातून कापलेला सगळा कर, टीडीएस. मी फोन करून विचारलं, एवढा कसा? "ऑफिसवाले जास्तच कापतात ताई, आम्ही सेक्शन लावतो." त्याचे १५ टक्के झाले ९,६७२. यूपीआयने एका खासगी नावावर पाठवले. बिल मागितलं तर उत्तर ठरलेलं: "बिल पाहिजे असेल तर १८ टक्के जीएसटी वरून पडेल." मुंबईत हे वाक्य फर्निचरवाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं, त्यामुळे त्याचंही काही वाटलं नाही.

पुढच्या जूनमध्ये घराच्या कर्जासाठी बँकेत कागद दिले. तिथल्या बाईंनी फॉर्म १६ आणि पावती शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "मॅडम, फॉर्म १६ मध्ये करपात्र उत्पन्न ७,४७,५०० आहे आणि रिटर्नमध्ये ४,९७,५००. मधले अडीच लाख कुठे गेले?" मला उत्तर देता येईना. त्यांनी पूर्ण आयटीआर आणा म्हणून सांगितलं. गाळ्यावर फोन केला तर "सर गावाला गेलेत."

शेवटी घरी बसून आधारच्या ओटीपीने मीच पासवर्ड बदलला आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर शिरले. प्रोफाइलमध्ये ईमेल माझा नव्हताच. कुठला तरी इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठोकून बनवलेला पत्ता. मग पूर्ण फॉर्म डाउनलोड केला. कलम ८०जीजीसी: राजकीय पक्षाला देणगी १,८०,००० रुपये. कलम ८०ई: शैक्षणिक कर्जावरचं व्याज ७०,०००. माझ्या नावावर शैक्षणिक कर्ज कधी नव्हतं, आणि निवडणुकीत मत सोडून मी कुठल्याही पक्षाला आजवर काही दिलेलं नाही. देणगीची तारीख होती, व्यवहाराचा क्रमांक होता. सगळं ठोकून दिलेलं.

अडीच लाखच का, हे मला सीए मॅडमनी सांगितलं. (जाऊबाईंच्या ओळखीच्या, मुलुंडला ऑफिस, खऱ्या सीए.) जुन्या करपद्धतीत (जिच्यात अशा वजावटी घेता येतात) करपात्र उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८७ए खाली सूट मिळून कर शून्य होतो. पाच लाखांच्या वर गेलं की सूट जाते. त्यामुळे हे लोक फॉर्म १६ मधला आकडा बघतात आणि तो पाच लाखांच्या आत येईल एवढी खोटी वजावट मागून भरतात. माझं ७,४७,५०० होतं, अडीच लाख वजा केले, ४,९७,५००. वॉर्डातल्या आणखी दोघींचे फॉर्म आम्ही काढून पाहिले. त्यांचीही उत्पन्नं पाचच्या जरा आत आणून ठेवलेली. एकीच्या नावावर आईच्या दुर्धर आजाराचा खर्च दाखवला होता. तिची आई गावी ठणठणीत आहे. हे वाचून ती जेवढी चिडली तेवढी पैशांसाठी चिडली नव्हती.

टक्केवारीवर काम करणाऱ्याला रिफंड फुगवायचाच असतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. पकडलं गेलं तर रिटर्नवर त्याचं नाव नाही, तुमचं पॅन आहे. सीए मॅडमनी अजून एक गोष्ट सांगितली जी मला आधी कुणी सांगितली असती तर गाळ्याची पायरी चढले नसते. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएने निकालावर किंवा नफ्यावर टक्केवारीने फी घेणं हे चार्टर्ड अकाउंटंट्स अॅक्ट, १९४९ च्या पहिल्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन म्हणून धरलेलं आहे. नियमांत दिलेले अपवाद मोजके आहेत, आणि पगारदाराचं रिटर्न त्यात येत नाही. म्हणजे "सर सीए आहेत" आणि "रिफंडचे १५ टक्के" ही दोन वाक्यं एकाच गाळ्यात ऐकू आली तर त्यातलं पहिलं बहुतेक खोटं असतं, आणि खरं असेल तर ते त्याहून वाईट. सीए खरा आहे का हे आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नावाने किंवा सभासद क्रमांकाने बघता येतं. काउंटरवरच्या पोराला सभासद क्रमांक विचारा आणि चेहरा बघा.

आता खरी मिरची लागते ती इथे. मॅडमनी माझा फॉर्म १६ पुढे घेऊन कागदावर दोन आकडेमोडी केल्या. पगार ९,२०,०००. जुन्या पद्धतीने ५०,००० स्टँडर्ड डिडक्शन, २,५०० प्रोफेशनल टॅक्स, पीएफ आणि एलआयसीचे १,२०,००० वजा करून ७,४७,५०० आणि कर ६४,४८०. ऑफिसने तेवढाच कापलेला, कारण मी तिथे जुनी पद्धत कळवली होती. नव्या पद्धतीने फक्त ५०,००० वजा, ८,७०,००० वर कर ४३,६८०. फरक २०,८०० रुपयांचा. मुदतीत रिटर्न भरताना नुसती पद्धत बदलली असती तर हे २०,८०० मला हक्काने परत मिळाले असते. कुठल्याही पक्षाला देणगी न देता. ज्याला ९,६७२ रुपये दिले त्याने ही पाच मिनिटांची तुलनासुद्धा केली नव्हती. आणि ती निवड मूळ रिटर्नबरोबर करायची असते, आता अपडेटेड रिटर्नमध्ये (मुदती संपल्यावर जादा कर देऊन भरायचं रिटर्न) त्यात हात घालायला मॅडम तयार नव्हत्या. तेही गेले.

रिवाइज्ड रिटर्नची, म्हणजे भरलेलं रिटर्न दुरुस्त करायची, मुदत वाढवूनही १५ जानेवारी २०२५ लाच संपली होती. उरला मार्ग अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. मिळालेले ६४,४८० परत, त्यावर व्याज, आणि कर व व्याज मिळून जी रक्कम होते तिच्यावर २५ टक्के जादा. व्याज बाजूला ठेवलं तरी ८०,६०० रुपये झाले. मॅडमची फी २,५००, बिलासकट. घराचं कर्ज त्या तिमाहीत पुढे ढकललं. नवऱ्याने हिशेब ऐकला आणि एवढंच म्हणाला, एफडी मोडूया. तशी मोडली.

गाळ्यावर मी गेले होते, एकटी नाही, तिघी मिळून. 'सर' भेटले. आवाज न चढवता म्हणाले, "रिफंड तुमच्याच खात्यात आला ना? मी तर नाही घेतला. नोटीस आली तर आणा, बघू, त्याचा चार्ज वेगळा." म्हणजे आग लावायचे १५ टक्के आणि विझवायचे वेगळे. कायद्यासमोर दुर्दैवाने त्यांचं पहिलं वाक्य खरं आहे. रिटर्नखालचं सत्यापन करदात्याचं असतं. चुकीची माहिती देऊन कर बुडवल्याचं ठरलं तर कलम २७०ए खाली बुडवलेल्या कराच्या २०० टक्के दंड होऊ शकतो. माझ्या बाबतीत तो १,२८,९६० झाला असता, मूळ कर आणि व्याज सोडून. आम्ही पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे आणि आयकर विभागालाही कळवलं आहे. अर्जाचं काय झालं ते कळेल तेव्हा कळेल. गाळा चालू आहे.

आम्ही एकट्या नव्हतो हे थोड्याच दिवसांत कळलं. १४ जुलै २०२५ ला आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवणाऱ्या दलालांवर देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. सीबीडीटी या आयकर विभागाच्या वरच्या मंडळाच्या निवेदनात म्हटलं होतं की त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न्स सुधारून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले. त्याच निवेदनात एक वाक्य असं होतं की हे दलाल रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल बनवतात, मग ते सोडून देतात आणि विभागाच्या नोटिसा न वाचता पडून राहतात. माझ्या प्रोफाइलमधला तो आकड्यांचा पत्ता तेव्हा उलगडला. विभागाने मला इशारा पाठवला असता तरी तो कुणीच उघडत नसलेल्या पेटीत गेला असता.

मग रास्त फी किती? मी मुलुंड, भांडुप, दादर इथल्या ओळखीच्यांना विचारत गेले. एकच फॉर्म १६, एखादं बँक व्याज, बाकी काही नाही, अशा रिटर्नचे ५०० ते १,५०० सांगतात. शेअर विकले असतील, घर विकलं असेल, दोन नोकऱ्या झाल्या असतील तर दोन-तीन हजार आणि पुढे, कारण तिथे खरंच बसून काम करावं लागतं. फी कितीही असो, ती काम बघून आधी सांगितलेली असावी आणि रिफंड वाढला म्हणून वाढू नये. त्या फीमध्ये दोन्ही करपद्धतींची तुलना, २६एएस आणि एआयएसशी (तुमचा कापलेला कर आणि व्यवहार यांची विभागाकडची नोंद) ताळा, पूर्ण फॉर्मची पीडीएफ, कॉम्प्युटेशन आणि बिल एवढं मागायला लाजू नका. हजार रुपये त्याचेच असतात, बटणं दाबायचे नसतात. बटणं दाबणं पोर्टलवर फुकट आहे. साध्या पगारदाराचा आयटीआर-१ बराचसा आधीच भरून येतो, आणि या वर्षीचा मी माझ्या पुतणीला शेजारी बसवून स्वतः भरला.

आज रात्री एक काम करा. पोर्टलवर लॉगिन करा, प्रोफाइलमधला मोबाइल आणि ईमेल तुमचा आहे का बघा, आणि मागच्या तीन-चार वर्षांचे पूर्ण फॉर्म उतरवून वजावटींचं पान वाचा. नसलेलं कर्ज, न दिलेली देणगी, न भरलेलं भाडं दिसलं तर नोटिशीची वाट बघू नका. आयटीआर-यू निर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतो, पण पहिल्या १२ महिन्यांत जादा कर २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. त्या वर्षाची तपासणी एकदा सुरू झाली की हा दरवाजाही बहुतेक वेळा बंद होतो. ज्या मावशींच्या रिफंडवरून आम्ही सगळ्या तिथे गेलो, त्यांचं रिटर्न आमच्या एक वर्ष आधीचं असल्याने त्यांना ५० टक्के पडतात. त्यांनी हॉस्पिटलच्या क्रेडिट सोसायटीत कर्जाचा अर्ज टाकला आहे.