रिपोर्टखालच्या दोन ओळी

सासूबाईंना ९ वर्षांपासून आमवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तासभर बोटं मिटत नाहीत. भाकरी थापणं कधीच सुटलं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, त्यामुळे सांगलीतल्या बऱ्याच लॅब बघून झाल्यात. या लॅबला पाच स्टार देतेय. का ते सविस्तर लिहिते, म्हणजे अशी दुखणी ज्यांच्या घरी आहेत त्यांना उपयोग होईल.

आधी आम्ही एका मोठ्या कंपनीचं पॅकेज घ्यायचो. ढीगभर चाचण्या, रंगीत रिपोर्ट. सासूबाईंचं हिमोग्लोबिन ९.४, जिना चढताना धाप लागायची, पण फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ६२. छापलेल्या मर्यादेत, म्हणून पुढे हिरवी खूण. फोनवर सांगितलं, ‘लोह व्यवस्थित आहे.’ आम्ही निर्धास्त झालो आणि चार महिने गेले. त्या चार महिन्यांचा मला अजून राग येतो.

मग शेजारणीच्या सांगण्यावरून इथे आलो. पहिला रिपोर्ट हातात पडला आणि घरात सगळे घाबरले. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, ३८! आधीच्या कागदावर तर २.९ होता. मी तशीच लॅबमध्ये गेले. पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेनानं एककाखाली रेघ मारली. जुना आकडा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, हा प्रति लिटरमध्ये. म्हणजे जुने २.९ इथले २९. सूज वाढली होती, पण दसपट नव्हे.

त्याच रिपोर्टच्या तळाशी दोन ओळी होत्या: सीआरपी वाढलेला असताना फेरिटिन नॉर्मल दिसलं तरी लोहाची कमतरता असू शकते, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे, ती चाचणी) करून घ्यावं. त्या दोन ओळींसाठी मी या लॅबची कायमची ऋणी आहे.

मॅडमनी समजावलं ते असं. सांध्यांत सूज असली की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा सायटोकाइन, म्हणजे पेशींचा निरोप नेणारं प्रथिन, रक्तात सोडतात. हा निरोप यकृताला मिळतो आणि यकृत सीआरपी, फायब्रिनोजेन, हेप्सिडिन ही प्रथिनं जास्त बनवायला लागतं. फायब्रिनोजेनमुळे तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून लवकर खाली बसतात, म्हणून ईएसआर, म्हणजे पेशी खाली बसण्याचा वेग, वाढतो. हेप्सिडिन आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातलं बाहेर सोडत नाही. फेरिटिन तर नुसत्या सुजेनंही चढतं, त्यामुळे त्याच्या आकड्यावर एकट्यावर विसंबता येत नाही. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन मात्र उलटं, खाली येतं. ‘काकूंचं अल्ब्युमिन ३.२ आहे, ते फक्त कमी जेवणामुळे असेल असं धरू नका,’ त्या म्हणाल्या. मी उगाच सासूबाईंच्या मागे लागत होते, डाळ खा, अंडं खा.

ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ११ टक्के आलं, म्हणजे कमीच. आमच्या डॉक्टरांनी गोळ्यांऐवजी शिरेतून लोह दिलं. दोन महिन्यांत हिमोग्लोबिन ११.१ झालं. परवा सासूबाई न थांबता गच्चीवर वाळवण घालून आल्या.

रक्त घेणारा मुलगाही फार चांगला. त्यांच्या शिरा बारीक, इतर ठिकाणी तीन-तीनदा टोचलंय. हा आधी हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवायला सांगतो, ‘मावशी, मूठ जोरात आवळू नका’ म्हणतो, आणि बारीक सुई घेतो. ट्यूबवर नाव आपल्यासमोर लिहितो.

मी इंटरल्यूकिन-६ ची चाचणी करा म्हणून आग्रह धरला होता, कोविडमध्ये सगळीकडे ऐकलेली. मॅडम म्हणाल्या, ‘महाग आहे, आणि त्यानं काकूंच्या औषधात काही बदलणार नाही.’ पैसे मिळत असताना नको म्हणणारी लॅब मी पहिल्यांदा पाहिली.

उणीव एकच. लॅब पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुडघे धरलेल्या माणसाला त्या पायऱ्या फार. घरी येऊन रक्त नेतात, पण आदल्या दिवशी फोन करावा लागतो.

आता सासूबाईंना आमवातावरचं टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन सुरू करायचं ठरतंय. ते इंटरल्यूकिन-६ चा निरोपच अडवतं. मॅडमनी आत्तापासून बजावलंय की यापुढे प्रत्येक फॉर्मवर या इंजेक्शनचं नाव लिहायचं, कारण ते चालू असताना जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी चढेलच असं नाही. ताप आला की कागदावरच्या चांगल्या आकड्याकडे बघत बसायचं नाही, थेट डॉक्टरांकडे जायचं. मी ते फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.