निरोपाची सीडी: कॅथलीन फेरियर, १९५२

ही सीडी माझ्याकडे आली त्याला सोळा वर्षं झाली. तिच्याविषयी आज लिहायला बसले, कारण आज ८ ऑक्टोबर. १९५३ साली याच तारखेला इंग्लिश गायिका कॅथलीन फेरियर गेली. वय अवघं ४१. तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता. तरी दरवर्षी या दिवशी संध्याकाळी मी हीच सीडी लावते, आणि पुढचा तासभर मला हाक मारायची नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

सीडीवर आहे ते संगीतकार गुस्ताव माहलरचं ‘दास लीड फॉन डेअर एर्ड’, म्हणजे ‘पृथ्वीचं गाणं’. मूळ चिनी कविता, त्यांची जर्मन रूपं, त्यावर बांधलेली सहा गाणी. तीन पुरुषाच्या आवाजात, तीन बाईच्या. मे १९५२ मध्ये डेक्का कंपनीने व्हिएन्नात हे ध्वनिमुद्रण केलं. वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा, संचालन ब्रुनो वॉल्टर यांचं, टेनर, म्हणजे पुरुषाचा वरच्या पट्टीतला आवाज, युलिउस पात्झाकचा. वॉल्टर हे खुद्द माहलरचे सहायक होते. माहलर मे १९११ मध्ये वारला. हे काम त्याला स्वतःला कधी ऐकायलाच मिळालं नाही. ते पहिल्यांदा लोकांसमोर आणलं वॉल्टर यांनीच, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, म्युनिकला. त्यामुळे ताल कुठे सोडायचा, कुठे धरायचा याबद्दल या मुद्रणात जराही चाचपडणं नाही.

मी सीडी घेतली ती मात्र वॉल्टर यांच्यासाठी नाही, माहलरसाठीही नाही. फेरियर टेलिफोन ऑपरेटर होती असं कुठेसं वाचलं होतं, म्हणून घेतली. मी स्वतः तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, त्यातली पहिली काही ट्रंक बोर्डावर. कानाला हेडसेट, हातात कॉर्ड, समोर लुकलुकणारे दिवे. फेरियर लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नच्या एक्स्चेंजमध्ये लागली ती चौदाव्या वर्षी शाळा सोडून. फोनवर वेळ सांगणाऱ्या घड्याळासाठी पुढे आवाज निवडायचे होते, त्यात तिची निवड झाली नाही. मग १९३७ साली कार्लाइलच्या स्पर्धेत पियानोसाठी नाव दिलं, आणि नवऱ्याने एका शिलिंगची पैज लावली म्हणून गाण्यासाठीही दिलं. दोन्हीत पहिली आली. तिथून पुढे तिच्या हातात उरली सोळा वर्षं.

बोर्डावरची एक गोष्ट सांगते, म्हणजे ही बाई मला का कळते ते लक्षात येईल. मयताची बातमी कळवायला आलेला कॉल आम्ही आवाजावरून ओळखायचो. तो माणूस रडत नसायचा. उलट नंबर अगदी नीट सांगायचा, एकेक आकडा सुटा करून, मध्ये थांबून. गडबडीत बोलणारे, ओरडणारे, ते बहुतेक धंद्याचे कॉल. ज्याच्या घरी खरोखर काही घडलेलं असायचं तो आवाज सपाट ठेवायचा, कारण एकदा तो हलला असता तर पुढचा आकडा सांगता आला नसता.

सहावं गाणं ‘डेअर आपशीड’, म्हणजे ‘निरोप’, जवळपास अर्ध्या तासाचं आहे. सुरुवातीला घणघणतो तो टॅम-टॅम, मोठी पितळी थाळी. मग खाली चेलो, म्हणजे व्हायोलिनची मोठी, खर्जातली भावंडं, एकच स्वर धरून बसतात, आपल्याकडे तानपुरा धरावा तसा. वर एकटी बासरी भटकते. मग फेरियरचा आवाज येतो. माहलरने स्वरलिपीत त्या जागी लिहून ठेवलंय की गोष्ट सांगितल्यासारखं गा, भाव न घालता. ही सूचना पाळायला भल्याभल्यांना जमत नाही, कारण एवढा सुंदर आवाज असला की तो दाखवावासा वाटतो. फेरियर पाळते. सूर्य डोंगराआड गेला, संध्याकाळ दरीत उतरली, एवढंच सांगते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बोर्डावरचे ते एकेक आकडे आठवले.

ती कॉन्ट्राल्टो होती, म्हणजे बायकांच्या आवाजातली सगळ्यांत खालची जात. पण खर्ज असूनही आवाज जड नाही. गाभ्यात पितळेची घंटा वाजावी तशी ऊब, आणि शब्दाच्या शेवटी स्वर हळूच सोडायची सवय. मित्राची वाट बघतानाच्या ओळी येतात तिथे ती आवाज मोठा करते, पण लांबवून लांबवून रडवत नाही. आपल्याकडे करुण पदात हुंदक्याची जागा घेण्याची जी खोड असते, ती इथे औषधालाही नाही.

आणि शेवट. शेवटच्या ओळी माहलरच्या स्वतःच्या. वसंतात पृथ्वी पुन्हा फुलेल, दूरची क्षितिजं निळी उजळतील, सदैव. ‘एविग’ हा जर्मन शब्द, अर्थ ‘सदैव’. तो शब्द पुन्हा पुन्हा येतो, दोन स्वरांवर, गांधारावरून रिषभावर. कान षड्जाची वाट बघत राहतो. आता येईल, आता येईल. वाद्यं आपापलं काम करत असतात, चेलेस्टा (बारीक घंटांसारखं वाजणारी छोटी पेटी) आणि हार्प वरून थेंब टाकत असतात, पण आवाज ‘सा’वर येतच नाही. ग, रे. ग, रे. मग फक्त शांतता. गाणं मिटत नाही, बाई दाराबाहेर गेलेली असते आणि दार उघडंच असतं.

आता १९४७ सालची गोष्ट. एडिंबरोचा पहिला महोत्सव, हेच काम, हेच वॉल्टर, हाच वाद्यवृंद. फेरियरला शेवटचे ‘एविग’ गाताच आले नाहीत, घसा भरून आला, डोळे वाहायला लागले. नंतर तिने वॉल्टर यांची माफी मागितली. पाच वर्षांनी, १९५२ मध्ये, तेच शब्द ती शेवटपर्यंत नीट गाते. मधल्या काळात काय झालं होतं? १९५१ च्या वसंतात स्तनाच्या कर्करोगाचं निदान, शस्त्रक्रिया, मग उपचार. जेव्हा रडायला काही कारण नव्हतं तेव्हा ती रडली, आणि कारण होतं तेव्हा एकही शब्द गिळला नाही. सोळा वर्षं मी हे ऐकते आहे आणि दरवेळी तिथे माझा श्वास अडकतो.

मुद्रणातले दोष सांगायला हवेत, कारण नव्या कानांना ते खटकतील. मुद्रण मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा आवाज वेगळा नाही. मोठ्या आवाजाच्या जागी व्हायोलिनं चरचरतात, पहिल्या गाण्यात तर विशेष. चौथ्या गाण्यात तरुण मुलं घोडे दौडवत येतात, तिथली लय फेरियरला घाईची जाते, शब्द एकमेकांवर आदळतात. पात्झाकचा आवाज काहींना कोरडा वाटतो. मला मात्र तो पाचव्या गाण्यातल्या दारुड्याला शोभून दिसतो. स्पीकरवर ऐकणार असाल तर वरची धार थोडी कमी करा. हेडफोन लावलात तर दोन्ही कानांना तेच ऐकू येईल, पण मला सवय आहे, आयुष्यभर एकाच कानाने ऐकलं.

ऑपेराच्या, म्हणजे गायल्या जाणाऱ्या नाटकाच्या, रंगमंचावर तिच्या भूमिका दोनच. १९४६ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नला बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची लुक्रीशिया, आणि ग्लुक या संगीतकाराचा ऑर्फिअस, जो मेलेल्या बायकोला गाण्याने परत आणायला निघतो. फेब्रुवारी १९५३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ऑर्फिअसचे चार प्रयोग ठरले होते. ६ तारखेला, दुसऱ्या प्रयोगात, रोगाने पोखरलेलं मांडीचं हाड गाता गाताच मोडलं. तिने प्रयोग पुरा केला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. पडदा पडल्यावर तिला स्ट्रेचरवरून नेलं. उरलेले दोन प्रयोग झालेच नाहीत, आणि त्यानंतर ती कधी लोकांसमोर गायली नाही.

हे सगळं वाचून कोणी तिला दुःखाची बाई समजेल, तर ते चूक. ती मोठ्याने हसणारी, मैत्रिणींना पत्रांतून गंमतीजमती कळवणारी बाई होती, स्वतःला ‘क्लेव्हर कॅफ’, म्हणजे ‘हुशार कॅथलीन’, म्हणवून घ्यायची. म्हणून माझी विनंती अशी की या सीडीने सुरुवात करू नका. आधी तिचं १९४९ चं ‘ब्लो द विंड सदर्ली’ ऐका. इंग्लंडच्या उत्तरेचं लोकगीत, साथीला काहीही नाही. ना पियानो, ना एखादा धरलेला स्वर. उघडा आवाज आणि त्याखाली नुसती हवा, तरी सूर जागचा हलत नाही. बाई किती आनंदाने गायची ते तिथे कळेल, मग ‘निरोप’ ऐकताना कोण जातंय ते कळेल.

एकच सूचना. माझ्याकडच्या सीडीवर ‘निरोप’ संपला की लगेच माहलरचीच आणखी तीन गाणी सुरू होतात, त्याच मे महिन्यात गायलेली. तीही अप्रतिम आहेत, पण ती मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकते. शेवटच्या ‘एविग’च्या आधीच माझं बोट बटणावर असतं. रिषभ विरतो, चेलेस्टाचा शेवटचा थेंब पडतो, आणि मी बटण दाबते.