कयानी बेकरी, ईस्ट स्ट्रीट, पुणे कॅम्प : श्रूजबेरी बिस्किटं आणि माझी नात

श्रूजबेरीबद्दल नवीन काय सांगायचं! 1955 पासूनची बेकरी आहे आणि पुण्याहून परगावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत अजूनही हाच खोका असतो. लोण्याचा वास, कडेला हलका तांबूस रंग, आणि दाताखाली आलं की भुगा होणारं बिस्किट. बाकी ठिकाणची श्रूजबेरी मी खाऊन पाहिली आहेत. ती गोड असतात, पण इतकी खुसखुशीत नसतात. मावा केकही छान, फक्त तो ताजा असतानाच संपवावा.

मी शनिवारी सकाळी जाते. रविवारी बेकरी बंद असते आणि आमच्या शब्बाथशाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या वर्गातल्या मुलांना खाऊ हवा असतो. या वेळी पाच वर्षांची नात बरोबर होती. रांग नेहमीसारखीच लांब. आतून गरम ट्रे आला की सगळी रांग माना उंचावते, आपल्या नंबरापर्यंत पुरेल का याचा अंदाज घेते. ट्रे काउंटरवर ठेवणाऱ्या माणसाला नातीने विचारलं, "काका, तुमचे हात भाजत नाहीत?" त्याने हातातलं फडकं दाखवलं. तिचा लगेच पुढचा प्रश्न, "तुम्ही खाल्लं का एक?" तो नुसता हसला.

खोका हातात आल्यावर ती म्हणाली, उघड. मी म्हटलं, बाळा, ही मोजून घेतली आहेत, उद्या वर्गात कमी पडतील. तिने क्षणभर विचार केला. "मग माझं उद्याचं आत्ता दे. उद्या मला नको." दोरी सोडावी लागली. तिने बिस्किट घेतलं, दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा ट्रेवाल्या काकांच्या हातावर ठेवला. मागच्या बाईंनी एवढा वेळ कुरकुर न करता वाट पाहिली, त्यांचेही आभार.

येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत आहे, पण जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन आलेला मुलगा फक्त योहानाच्या सहाव्या अध्यायात भेटतो. येशूचा शिष्य फिलिप्प पैशांचा हिशेब मांडतो, दुसरा शिष्य आंद्रिया म्हणतो एवढ्यांना हे कसं पुरणार. त्या मुलाच्या तोंडी मात्र एक शब्दही नाही. इतकी वर्षं मी हा भाग मुलांना चमत्कार म्हणून शिकवत आले, आणि तो चमत्कार आहेच. पण आता मला त्या पोराची भूकही दिसते. त्यानेही दिवसभर काही खाल्लं नसेल. उरलेलं द्यायला आपण मोठी माणसं तयारच असतो; स्वतःच्या वाट्याचं देणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि प्रभूने बालकाला मध्ये उभं करून शिष्यांना काय दाखवलं ते मला त्या काउंटरपाशी नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात खाऊ वाटताना ताईंनी तिच्यापुढे डबा धरला. नातीने हात मागे घेतला. "माझं झालं काल." तिला कोणी आठवण करून दिली नव्हती. शेजारच्या मुलाने आपल्यातलं देऊ केलं, ते मात्र तिने आनंदाने खाल्लं.

तर बिस्किटांना माझ्याकडून पूर्ण गुण. दुपारी बेकरी काही तास बंद असते, त्यामुळे सकाळीच गाठा. गाडी लांब लावून चालत आलेलं बरं, ईस्ट स्ट्रीटवर जागा मिळत नाही. घरी आल्यावर बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ती पावसाळ्यात सादळतात. आणि मोजून घेणार असाल तर थोडी जास्तच घ्या.