विमानाच्या शेपटीतला तडा शोधायचा कसा: आरसा, कॅमेरा, लाल रंग की एडी करंट?

अमेरिकेत कुणीतरी गॅरेजमध्ये बांधलेलं आरव्ही-७ हे छोटं विमान सेकंडहँड घेतलं, की पहिल्या वार्षिक तपासणीला हा प्रश्न येतोच. या विमानाचं किट बनवणाऱ्या ओरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टने जानेवारी २०१४ मध्ये एक सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे तपासणी-दुरुस्तीचं सूचनापत्रक, काढलं. आडव्या स्टॅबिलायझरच्या (शेपटीच्या आडव्या पंखाच्या) पुढच्या स्पारला, म्हणजे आतल्या मुख्य तुळईला, मध्याजवळ, वाकवलेल्या कडेत जी खाच कापलेली असते तिथून तडे निघाल्याचं आढळलं होतं. बाहेरून पत्रा गुळगुळीत आणि रंग चकाचक, पण तडा आत, त्या पंखाच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या गोल कडेच्या, पत्र्याआड. घरी बांधलेल्या विमानाला बुलेटिन साधारणपणे कायद्याने सक्तीचं नसतं. म्हणून आधी लॉगबुक चाळा. नोंद नसेल, तर ही जागा कुणी पाहिलेलीच नाही असं धरून चाला.

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आरसा आणि टॉर्च. शेपटीच्या बुडाशी असलेलं फायबरग्लासचं फेअरिंग (सांधा झाकणारं आवरण) काढायचं, आतल्या रिबच्या, म्हणजे फासळीच्या, भोकातून दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लहान आरसा घालायचा आणि प्रकाश टाकायचा. बहुतेकांची चूक प्रकाशातच होते. टॉर्च सरळ समोरून मारली की प्रायमर (धातूवरचा पहिला, संरक्षक रंगाचा थर) चमकतो आणि केसासारखा तडा त्या चमकेत बुडून जातो. पृष्ठभागाशी ५ ते ४५ अंशांचा कोन करून प्रकाश तिरपा टाका, असं अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाच्या, एफएएच्या, देखभाल मार्गदर्शिकेतही सांगितलं आहे. तिरप्या उजेडात तड्याच्या कडेला बारीक सावली पडते. अडचण एवढीच की आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, आणि तासभर वाकून राहिल्यावर मान आणि लक्ष दोन्ही थकतात.

फोनला जोडायचा बोअरस्कोप, म्हणजे लवचिक तारेच्या टोकाचा लहान कॅमेरा, ४०-५० डॉलरला मिळतो. हात जात नाही तिथे तो जातो आणि फोटो राहतो, हा त्याचा खरा फायदा. पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्याचा दिवा भिंगाभोवतीच असतो, म्हणजे उजेड सरळ समोरून, जो नको तोच. एकदा पडद्यावर खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली स्पष्ट काळी रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. बाजूने दुसरी टॉर्च धरली, कापडाने जागा पुसली, तर तो प्रायमरचा ओघळ निघाला. याच्या उलटही होऊ शकतं: ओघळाखाली खरा तडा असेल आणि कॅमेरा तो दाखवणार नाही. स्वस्त कॅमेऱ्यात काही दिसलं नाही, तर ‘तडा नाही’ असं लिहू नका, ‘बोअरस्कोपने पाहिलं, तडा दिसला नाही’ असं लिहा.

शंका आली तर पुढची पायरी डाय पेनिट्रंट. लाल द्रव लावायचा, डब्यावर लिहिलेला वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर (मुरलेला रंग शोषून वर आणणारा थर) मारायचा. तडा पृष्ठभागावर उघडा असेल तर लाल रेघ वर येते. त्यासाठी प्रायमर काढावा लागतो, आणि तो वायरब्रशने किंवा घासून काढू नका. ॲल्युमिनियम मऊ असल्याने घासताना तड्याच्या तोंडावर पसरतं आणि तडा बुजतो. रासायनिक स्ट्रिपर वापरा, आणि तो सांध्यात झिरपू देऊ नका. दुसरी गोष्ट, दोन पत्रे रिव्हेटने जोडलेल्या सांध्यात द्रव शिरतो आणि तिथूनही लाल बाहेर येतो. नवख्याला प्रत्येक सांधा फुटलेला वाटतो. मोकळ्या, हात पोचणाऱ्या जागी ही पद्धत उत्तम, बंद कोनाड्यात नुसता चिखल.

एडी करंट म्हणजे तारेच्या वेटोळ्याने धातूत प्रवाह निर्माण करायचा आणि तड्याशी तो अडला की यंत्रावर सुई हलते. पातळ रंगावरूनही चालतो, आणि पृष्ठभागाच्या जरा खालचा तडाही सापडू शकतो. पण पत्र्याची कड किंवा रिव्हेट जवळ असला की संकेत बिघडतो, आणि आपली खाच नेमकी कडेलाच. त्याच मिश्रधातूच्या, मुद्दाम चीर पाडलेल्या नमुन्यावर यंत्र जुळवावं लागतं, म्हणून शिकलेला माणूसच बोलवा. शिवाय वेटोळं बसवलेला प्रोब तिथवर पोचला पाहिजे.

माझा कौल असा: दरवर्षी फेअरिंग काढून आरसा-टॉर्च, जोडीला फोटोसाठी बोअरस्कोप. रेघ पुसली जात नसेल, तर विमान उडवू नका. जागा उघडी करा, हात पोचत असेल तर पेनिट्रंट, तरीही खात्री पटली नाही तर एडी करंट. कसरती करणार असाल किंवा हे विमान वर्षानुवर्षं ठेवणार असाल, तर तडा नसतानाही कंपनीचा डबलर, म्हणजे मजबुतीसाठी वर जोडायचा पत्र्याचा तुकडा, बसवून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रिव्हेट काढून नाकाचा पत्रा उचलावा लागतो, काम किचकट आहे, पण त्या निमित्ताने ती जागा एकदा पूर्ण उजेडात दिसते. दोन वर्षांत विकणार असाल तर दरवर्षीची तपासणी पुरे.

फोटो दर वेळी त्याच कोनातून काढा. संशयाच्या जागी खूण करायची तर बारीक मार्करने करा. पेन्सिल कधीच नको, कारण तिच्यातलं ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला गंजवतं.