एक्सबॉक्स ३६० कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवर: आठ महिने वापरल्यानंतर

पोळ्याच्या आदल्या दिवशी लाइट गेली, आली, परत गेली आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा एक्सबॉक्स ३६० या टीव्हीवर गेम खेळायच्या कन्सोलच्या अ‍ॅडॉप्टरवरचा दिवा लाल झाला. कन्सोलची पिन काढून पाहिली तरी लालच. म्हणजे दोष अ‍ॅडॉप्टरचा. कन्सोलवर तीन लाल दिवे लागतात, तो आजार वेगळा आणि त्याला हा उपाय, म्हणजे अ‍ॅडॉप्टरच्या जागी कॉम्प्युटरचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारी पेटी) जोडणं, चालत नाही. वायर कापायच्या आधी हे नक्की तपासा.

नागपूरला जाऊन सीताबर्डीतल्या एका दुकानातून १,४०० रुपयांचा अ‍ॅडॉप्टर आणला. वर १७५ वॉट छापलेलं, पण हातात घेतला तर मूळच्यापेक्षा निम्म्याहून हलका. तेव्हाच शंका यायला हवी होती. अकराव्या दिवशी तो बंद. परत घेऊन गेलो तर म्हणे, "तुमच्या गावच्या लाइटचा प्रॉब्लेम आहे भाऊ, यात आमचं काय?" तासभर भांडलो, एक रुपया परत मिळाला नाही. एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं वेगळं. तो राग अजून आहे आणि पुढचा सगळा खटाटोप त्या रागातूनच झाला.

मी आयटीआयचा वायरमन. तालुक्याच्या कॉम्प्युटर रिपेअरिंगवाल्याकडे जुन्या एसएमपीएसचा ढीग पडलेला असतो. त्यातले दोन बाजूला काढले. एकावर ४५० वॉट लिहिलेलं, दुसऱ्यावर ४००. मी ४०० वाला घेतला, ३५० रुपयांना. कारण स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात त्याला १६ अँपिअर होते आणि ४५० वाल्याला फक्त १०. माझ्या कन्सोलच्या मूळ अ‍ॅडॉप्टरवर १२ व्होल्टला १४.२ अँपिअर आहेत. पहिल्या मॉडेलचा २०३ वॉटचा अ‍ॅडॉप्टर तर १६.५ अँपिअरचा, त्याला हा एसएमपीएसही कमी पडला असता. मोठ्या अक्षरातले वॉट बघू नका, तो १२ व्होल्टचा रकाना बघा.

मेलेल्या अ‍ॅडॉप्टरची कन्सोलकडची केबल कापून घेतली. आत तीन पिवळ्या, तीन काळ्या, एक लाल, एक निळी. एसएमपीएसच्या पिवळ्या १२ व्होल्टच्या आणि काळ्या ग्राउंडच्या. पिवळ्याला पिवळी, काळ्याला काळी, तिन्हीच्या तिन्ही जोडायच्या. एकाच वायरवर एवढा करंट टाकला तर ती तापते. केबलच्या लाल वायरला एसएमपीएसची जांभळी, म्हणजे ५ व्होल्ट स्टँडबाय, जी एसएमपीएस बंद असतानाही चालू असते. इथे रंग पाहून लालला लाल जोडली तर कन्सोल सुरूच होत नाही.

खरी गोम निळ्या वायरीत आहे. कन्सोल सुरू करताना निळीवर व्होल्टेज येतं, तर एसएमपीएसची हिरवी वायर काळीला टेकली तरच तो सुरू होतो. दोघांचं काम उलट. आधी मी हिरवीला साधं बटण लावलं होतं आणि त्यातच समाधान मानलं होतं. पण पुतण्या खेळून उठायचा आणि एसएमपीएस रात्रभर फिरत राहायचा. मग बीसी ५४७ ट्रान्झिस्टर लावला. निळीवर व्होल्टेज आलं की तो हिरवीला काळीशी जोडतो. त्याचे तीन पाय असे: एमिटर काळीला, कलेक्टर हिरवीला, बेस १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून निळीला. पाच रुपयांचं सामान. आता रिमोटनेही कन्सोल सुरू होतो आणि बंद केला की एसएमपीएससुद्धा गप्प.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की मूळ अ‍ॅडॉप्टरपेक्षा हे सरस आहे. ते मत नंतर बदलावं लागलं. जानेवारीत मोठ्या गेममध्ये कन्सोल मध्येच थिजायला लागला. "काका, पाहा ना, पुन्हा अटकला." मला वाटलं, झालं, आता कन्सोलच गेला. दोन दिवस हातही लावला नाही. मग मल्टिमीटर लावला: गेम सुरू असताना १२ च्या जागी ११.३ व्होल्ट. पाच टक्के सवलत धरली तरी ११.४ च्या खाली जायला नको.

कारण असं की जुन्या एसएमपीएसमध्ये ५ आणि १२ व्होल्टचा सांभाळ एकत्र होतो. कॉम्प्युटरमध्ये ५ वर पण लोड असतो. इथे सगळा भार १२ वर आणि एसएमपीएसच्या ५ व्होल्टच्या लाल वायरी मोकळ्या, म्हणून १२ खाली बसतो. ५ वर भार टाकायला लागणारा सिमेंट रेझिस्टर तालुक्यात मिळाला नाही. मोटरसायकलच्या गॅरेजमधून इंडिकेटरचे १० वॉटचे दोन बल्ब आणले आणि लाल-काळीवर जोडले. १२ व्होल्टचे बल्ब ५ वर, त्यामुळे निरांजनीएवढे मंद पेटतात. मीटर ११.७ वर आला! त्या दिवसापासून एकदाही थिजला नाही. वहिनी विचारते, "भाऊजी, हे बल्ब काहून जळून राह्यले?" त्या बल्बांवरच सगळं टिकून आहे, हे मी तिला दोनदा समजावलं.

एक मोठी उणीव सांगतो. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात आणि कन्सोल त्याच खोलीत. फेब्रुवारीत एसएमपीएसची जाळी पाहिली तर रुईचा थर गादीसारखा बसलेला, बोटाने सोलून निघाला. मूळ अ‍ॅडॉप्टरलाही पंखा होता, पण हा त्याच्या कितीतरी पट हवा ओढतो. त्याच दिवशी एसएमपीएस आणि बल्ब दोन्ही पलीकडच्या खोलीतल्या कोनाड्यात नेले, भिंतीला भोक पाडून केबल इकडे घेतली. कापसाजवळ तापणारी वस्तू ठेवूच नये. जाळी बाहेरून ब्रशने साफ करा, पेटी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात. मागचं ११५-२३० चं लाल बटण असेल तर ते २३० वर करून टेपने चिकटवून टाका. पोरांनी ११५ वर सरकवलं तर एसएमपीएस जागीच फुटतो.

सध्या बाहेर पारा ४५ च्या पुढे आहे, कूलरसमोर कन्सोल ठेवून दुपारी दोन-दोन तास खेळणं होतं आणि मीटर ११.६ च्या खाली गेलेला नाही. काळ्या टेपचे जोड मात्र उन्हाळ्यात चिकट होऊन सुटायला लागलेत. मृग लागायच्या आत सगळे उघडून, सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवणार आहे.