रहस्यकथांचे कपाट : दांडिया बाजारातील एका मराठी वाचनालयाविषयी

दांडिया बाजारातील एका जुन्या घराच्या माडीवर चालणाऱ्या या मराठी वाचनालयाची पाटी रस्त्यावरून सहसा दिसत नाही. तरीही वाचनाची सवय मोडलेल्या माणसाने वडोदऱ्यात प्रथम कुठे जावे असे कुणी विचारले, तर मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाआधी मी याच माडीकडे बोट दाखवीन. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून जी ग्रंथालय व्यवस्था उभी केली, तिचा अभिमान इथल्या मराठी घरांना आहे आणि तो रास्तही आहे; परंतु त्या भव्य दालनात आपल्याला काय हवे हे ठाऊक असणाऱ्याने जावे. वाचन बंद पडलेल्या माणसाला नेमके तेच ठाऊक नसते.

अनामत ३०० रुपये, महिन्याची वर्गणी ७० रुपये आणि एका वेळी दोन पुस्तके, असा इथला सरळ व्यवहार आहे. खरी सेवा मात्र टेबलामागे बसणाऱ्या काकांची. ते नव्या सभासदाला आवडता लेखक विचारत नाहीत. ‘‘शेवटचं अर्धवट कुठलं सोडलंत, आणि कितव्या पानावर?’’ एवढेच विचारतात. पन्नासाव्या पानाच्या आत सोडलेले असेल तर कादंबरी देतच नाहीत. उजव्या हाताच्या कपाटातून गूढकथांचा एखादा संग्रह काढून समोर ठेवतात. बहुधा तो रत्नाकर मतकरींचा असतो.

या निवडीमागचा विचार मला पटतो. वाचन अडते ते कंटाळ्याने कमी आणि अर्धवट राहिलेल्या पुस्तकांच्या ओझ्याने अधिक. उशाशी ठेवलेली जाडजूड कादंबरी रोज आपल्याकडे पाहत असते आणि तिच्या धाकाने दुसरे काही हाती घेववत नाही. गूढकथा एका बैठकीत संपते, आणि काहीतरी संपवल्याचे समाधान अशा वेळी कथेच्या गुणवत्तेइतकेच उपयोगी पडते. त्यात मतकरींची कथा नेहमीच्या माणसांपासून, आपल्या ओळखीच्या घरांपासून सुरू होत असल्याने प्रवेशालाच अडखळायला होत नाही.

इथे एक गोष्ट खास वडोदऱ्याची म्हणून सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात झाले. दिवसभराचे कागद त्याच लिप्यांत वाचावे लागतात. घरात मराठी बोलली जाते खरी, पण छापील मराठीचा वेग मंदावलेला असतो, आणि तो मंदपणा आपण उगाचच आळस समजतो. पुढे काय झाले हे कळल्याशिवाय चैन पडू न देणारा मजकूर हाती असला, तर डोळे तो वेग आपोआप परत मिळवतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

दुसऱ्या फेरीला काका बाबूराव अर्नाळकर देतात. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाच्या, कडा तपकिरी पडलेल्या बारीक पुस्तकांनी एक अख्खा खण भरला आहे. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची नायक मंडळी आज थोडी भाबडी वाटतात. योगायोग फार, वेषांतरे कुणालाच न ओळखता येण्याइतकी बेमालूम, आणि स्त्रियांच्या वाट्याला बहुधा किंचाळणे. तरीही प्रकरण कुठे तोडावे याची अर्नाळकरांची जाण अशी पक्की, की ‘हे एवढे संपवून दिवा घालवू’ म्हणणारा वाचक हमखास पुढल्या प्रकरणात सापडतो. त्यापेक्षा ताज्या धाटणीचे काही हवे असेल तर सुहास शिरवळकर शेजारीच आहेत. कॉलेजातल्या मुलांना काका थेट तिथेच नेतात.

नारायण धारप मात्र ते मागितले तरी लगेच देत नाहीत, आणि याबाबतीत माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. धारपांची भीती सावकाश चढते, त्यासाठी वाचकात दम हवा, असे त्यांचे म्हणणे. ते लांब कादंबऱ्यांना लागू पडते. पण ‘समर्थ’ या त्यांच्या पात्राच्या कथांमध्ये संकटाच्या वेळी कुणीतरी जाणता माणूस धावून येणार हा जो दिलासा असतो, त्यामुळे त्या नवख्यालाही झेपतात. मी हट्टाने एक संग्रह घेतला आणि रात्री माजघरातला दिवा लावून ठेवावा लागला, याबद्दल तक्रार नाही.

तक्रारी आहेत त्या निराळ्या. नव्या लेखकांची भयकथा इथे जवळजवळ नाहीच. खरेदी कित्येक वर्षे मागे पडलेली आहे. सूची वहीत आहे आणि वही काकांच्या अक्षरात, त्यामुळे ते रजेवर असले की पुस्तक सापडणे हीच एक रहस्यकथा होते. सर्वांत संतापजनक प्रकार आधीच्या वाचकांचा. एका पुस्तकाच्या बाराव्या पानावर पात्राचे नाव प्रथमच येते, तिथे समासात कुणी सद्गृहस्थाने पेन्सिलीने ‘हाच खुनी’ असे सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले आहे. काकांनी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पण उजेडासमोर धरले की अक्षरे दिसतात, आणि पट्टी दिसल्यावर पान उजेडासमोर न धरणारा वाचक मला अजून भेटायचा आहे.

जुन्या बांधणीमुळे काही प्रतींचा शेवटचा फर्माही, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा शेवटचा गठ्ठाही, गळालेला असतो. म्हणून नोंद करण्यापूर्वी शेवटचे प्रकरण उघडून, मजकूर न वाचता, फक्त पानांचे आकडे तपासावेत. काकांना त्याचा राग येत नाही. पाने कमी निघाली तर ते प्रत बाजूला ठेवतात आणि शेवट ऐकायचा आहे का, असे विचारतात.