पेप्टाइड झकास, ऑर्डर फॉर्म भंगार (कस्टम सिंथेसिस सर्व्हिस, ५ पैकी साडेतीन स्टार)

कंपनीचं नाव टाकत नाहीये. एकतर ऑर्डर डिपार्टमेंटच्या नावावर आहे, आणि दुसरं म्हणजे जी गोची झाली त्यात निम्मी चूक माझीच होती. पण पहिल्यांदा पेप्टाइड मागवणारी बरीच पोरं याच खड्ड्यात पडतात म्हणून सविस्तर लिहितेय.

मागवलं होतं मॅगेनिन २, बॅक्टेरिया मारणारं पेप्टाइड. हे मूळचं आफ्रिकेतल्या नख्यावाल्या बेडकाच्या कातडीतलं. मायकेल झॅस्लॉफ नावाच्या अमेरिकन डॉक्टर-संशोधकाला दिसलं की ऑपरेशन करून, टाके घालून बेडूक परत त्याच घाणेरड्या पाण्याच्या टाकीत सोडले तरी जखमा चिघळत नाहीत, मग कातडी तपासली आणि १९८७ साली हे पेप्टाइड जगासमोर आलं. २३ अमिनो आम्लांची एवढीशी साखळी. आता कुणाला बेडूक सोलावा लागत नाही, सिक्वेन्स मेल करायचा, कोटेशन मागवायचं, पीओ (परचेस ऑर्डर) निघेपर्यंत अकाउंट्सच्या चकरा मारायच्या (खरं सिंथेसिस तिथंच होतं, आपल्या पेशन्सचं) आणि महिन्याभरात कुपी हातात.

माझी कुपी आली ती नेमकी गौरी-गणपतीत. दोन दिवस खोका कुरिअरच्या ऑफिसात पडून, आतल्या जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं. मी हादरले, पण पावडर फ्रीझ-ड्राय केलेली असते, चार-दोन दिवस बाहेर राहिली म्हणून काही बिघडत नाही, हे सरांनी सांगितलं तेव्हा जीव भांड्यात पडला. पॅकिंगला पूर्ण मार्क. कुपीत मात्र काहीच दिसेना! ५ मिलिग्रॅम म्हणजे तळाला चिकटलेला पांढरा धूसर डाग, रिकामीच पाठवली की काय वाटतं. फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका, अर्धा तास टेबलावर ठेवा, नाहीतर हवेतला ओलावा आत जाऊन बसतो.

आता गोची. सोबतच्या मास स्पेकच्या (रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर वजन २४६६.९. मला हवं होतं २४६५.९. म्हणाल एका डाल्टनसाठी (रेणूच्या वजनाचं एकक) काय रडतेस, तर ऐका. मला शेपटाला (साखळीच्या शेवटच्या टोकाला) नेहमीच्या ॲसिडऐवजी अमाइड हवं होतं, मी ते रिमार्कच्या चौकटीत लिहिलं होतं, पण फॉर्मवर त्याचा वेगळा ड्रॉपडाउन होता आणि तो आपोआप 'फ्री ॲसिड'वर होता. रिमार्क कुणी वाचलाच नाही. साध्या मॅगेनिनवर एकूण धन भार साधारण ३, अमाइड लावलं की शेपटाचा ऋण भार जातो आणि ४ होतो. आणि या रेणूचा सगळा धंदाच भारावर चालतो. बॅक्टेरियाच्या पटलाच्या (पेशीभोवतीच्या आवरणाच्या) बाहेरच्या थरात ऋण भाराची लिपिडं (चरबीचे रेणू) भरपूर, आपल्या पेशींचा बाहेरचा थर बहुतेक न्यूट्रल आणि शिवाय कोलेस्टेरॉलने घट्ट, म्हणून हे पेप्टाइड बॅक्टेरियाला धरतं आणि आपल्याला बऱ्यापैकी सोडून देतं. त्यात ई. कोलाय या बॅक्टेरियाला वरून अजून एक बाहेरचं पटल असतं, तिथल्या एलपीएसला (साखर जोडलेल्या चरबीच्या रेणूंना) मॅग्नेशियम-कॅल्शियमने टाके मारल्यासारखं बांधून ठेवलेलं, तर पेप्टाइड आधी ते टाके उसवून त्यांच्या जागी बसतं. आम्ही मुद्दाम वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) जास्तीचं मॅग्नेशियम क्लोराइड टाकून बघितलं, टाके उसवलेच नाहीत, पेप्टाइड असूनही बॅक्टेरिया मजेत वाढले.

मी फोन केला, म्हणलं अमाइड लावून द्या की त्यालाच. समोरची मॅडम शांतपणे म्हणाली, "लावता नाही येत, पहिल्यापासून बनवावं लागेल." बरोबरच होतं तिचं. मेरिफिल्ड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १९६३ साली काढलेली हीच पद्धत अजून चालते, साखळी रेझिनच्या मण्यावर शेपटाकडून डोक्याकडे विणत जातात, म्हणजे शेपूट अमाइडचं की ॲसिडचं हे रेझिन निवडतानाच ठरलेलं असतं. वाद घालून शेवटी अर्ध्या किमतीत दुसरा लॉट मिळाला. म्हणून किमतीसाठी स्टार कापला नाही, फॉर्मसाठी मात्र एक कापला.

आणखी अर्धा स्टार लेबलसाठी कापलाय. लेबलवर ५ मिलिग्रॅम, शुद्धता ९५ टक्के. मला वाटलं म्हणजे ४.७५ मिलिग्रॅम पेप्टाइड. अजिबात नाही! ते ९५ टक्के म्हणजे फक्त एचपीएलसीत (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीत) दिसणाऱ्या पेप्टाइडांपैकी किती आपलं, त्यात क्षार आणि पाणी धरतच नाहीत. शुद्ध करताना वापरलेलं टीएफए नावाचं आम्ल प्रत्येक धन जागेला चिकटून येतं, मॅगेनिनवर अशा सहा जागा (चार लायसिन, एक हिस्टिडिन, एक टोक), सहा गुणिले ११४ (टीएफएच्या एका रेणूचं वजन), कागदावरच हिशोब केला तर वजनातले २२ टक्के नुसतं टीएफए. पाणी वेगळंच. आणि इथे वजन चुकणं म्हणजे चहात साखर कमी पडणं नव्हे. हे रेणू आधी पटलावर आडवे पडून राहतात, काही करत नाहीत, ठराविक लिपिडांमागे ठराविक पेप्टाइड इतकी गर्दी झाली की मगच उभे होऊन आत घुसतात आणि आजूबाजूची लिपिडं पण आत वळवून भोक पाडतात. गर्दी थोडी कमी पडली तर काहीच होत नाही आणि आपण बसतो पेप्टाइडला शिव्या घालत. निव्वळ पेप्टाइड किती ते सांगणारं अमिनो ॲसिड ॲनालिसिस त्यांच्याकडे होतं, जास्तीचे पैसे घेऊन, पण कोटेशनमध्ये त्याचा उल्लेख पण नव्हता.

एक सूचना, यात कंपनीचा दोष नाही. पेप्टाइड काचेला आणि नेहमीच्या पॉलिस्टायरीनच्या प्लेटला चिकटतं, पहिल्या आठवड्यात मी बहुतेक प्लेटच मारत होते. पॉलिप्रॉपिलीन वापरा, डायल्यूट करताना ०.०१ टक्का ॲसिटिक ॲसिड आणि थोडं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घाला.

दुसरा लॉट मात्र सुरेख आला. मास बरोबर, एचपीएलसीत एकच उंच सुळका, मेथिओनिन ऑक्सिडाइझ झालं की १६ने सरकलेला जो चोरटा पीक दिसतो तो पण नाही. बॅक्टेरियात पेप्टाइडसोबत प्रोपिडियम आयोडाइड घालून मायक्रोस्कोपखाली बघितलं, हा लाल रंग धडधाकट पटलातून आत शिरत नाही, भोक पडलं तरच शिरतो, तर पहिल्यांदा काळोख, मग इकडे एक लाल, तिकडे एक लाल, आणि बघता बघता अख्खं फील्ड दिवाळीतल्या माळांसारखं पेटलं. ज्युनिअर म्हणाली, "ताई, व्हिडिओ काढला का?" नव्हता काढला. चुकून आलेला ॲसिडवाला लॉट पण फेकला नाही, शेजारी कंट्रोल म्हणून लावला, अमाइडवालं निम्म्या डोसच्या वेलमध्येही बॅक्टेरिया साफ करतं.

पुढची ऑर्डर यांच्याकडेच दिलीय, मधमाशीच्या विषातलं मेलिटिन, ते तांबड्या पेशी पण फोडतं म्हणून तुलनेला हवंय. त्याचं शेपूट निसर्गतःच अमाइडचं असतं. ड्रॉपडाउन अजूनही 'फ्री ॲसिड'वरच उघडतो.